ओटीपी देऊ नका हे ठीक, पण आमची कागदपत्रं सांभाळा हे ऑफिसांना कोण सांगणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात ठाणे-नवी मुंबईच्या पानावर हल्ली दिवसाआड एक तरी ऑनलाइन फसवणुकीची बातमी असते. कुणाला डिजिटल अरेस्टची भीती घालून लुटलं, कुणाला वीजबिलाच्या नावाने, कुणाला पार्ट टाइम जॉबच्या नावाने. शेवटी पोलिसांचं आवाहन असतं की ओटीपी कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा. हे सगळं बरोबरच आहे आणि ते छापायलाच हवं, पण मला एक गोष्ट सतत खटकते म्हणून हे पत्र लिहितोय. फोन करणाऱ्या भामट्याला त्या माणसाचं पूर्ण नाव, पत्ता, खातं कुठल्या बँकेत, पॉलिसी कधी संपते, मुलगा कुठल्या देशात असतो हे कळलं कुठून? ही माहिती आकाशातून पडत नाही ना, कुठल्यातरी ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून, कुठल्यातरी एक्सेल शीटमधून, कुणाच्यातरी कपाटातल्या फाइलमधूनच ती बाहेर गेलेली असते. मग सगळा उपदेश फसलेल्या माणसालाच का, आणि ज्यांनी ती माहिती गोळा करून उघड्यावर टाकली त्यांना कुणी काहीच का विचारत नाही?

मी वागळे इस्टेट, रबाळे, पावणे, तुर्भे या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कंपन्यांचं कॉम्प्युटरचं एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं, काम करतो, त्याबरोबर काही दवाखाने, क्लासेस, सीएंची ऑफिसं आणि सोसायट्यांचंही. त्यामुळे लोकांची माहिती प्रत्यक्षात कशी ठेवली जाते ते रोज डोळ्यांसमोर असतं. ऐरोली-महापेला मोठमोठी डेटा सेंटर आहेत, तिथे आत शिरायला चार ठिकाणी कार्ड दाखवावं लागतं, सगळं चोख असतं. आणि तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर एका गाळ्यात अकाउंट्सच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो, तोच पासवर्ड मेलला, तोच टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसालाही तो पाठ असतो. आपली माहिती डेटा सेंटरमध्ये कमी आणि अशा गाळ्यांत, ऑफिसांत जास्त पडलेली आहे हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

आधी आमच्या घरचं सांगतो. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये झालं, नाव लिहीत नाही, ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर चांगले होते. घरी आणलं आणि दोन दिवसांत आईच्या मोबाइलवर फोन सुरू, घरी येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्यांचा, वॉकर आणि कमोड चेअर विकणाऱ्यांचा, आणि एकाने तर सरळ विचारलं की काकू उजवा गुडघा आता कसा आहे. उजवा! म्हणजे नुसता नंबर गेला नव्हता, केस पेपरच गेला होता. मी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला जाऊन विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली आमच्याकडून काही जात नाही सर. ती खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही, तिला खरंच माहीत नसणार. तिच्या समोर तिथेच कॅशलेसची कागदपत्रं, म्हणजे आधार, पॅन, डिस्चार्ज समरी, सगळी मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवली जात होती. तो मोबाइल हॉस्पिटलचा नव्हता, कर्मचाऱ्याचा स्वतःचा होता. उद्या त्याने नोकरी सोडली की आईचा आणि तिच्यासारख्या कितीतरी पेशंटचा सगळा इतिहास त्याच्या खिशात. त्याच्या मोबाइलच्या गॅलरीत तो कधीपर्यंत राहणार, कोण बघणार, याला उत्तरच नाही. कुणी काही मुद्दाम केलं नाही तरी ही अवस्था आहे.

हे एकट्या हॉस्पिटलचं नाही. सोसायटीत भाडेकरू आला की आधार, पॅन, अॅग्रीमेंट, पोलिस व्हेरिफिकेशन सगळं सोसायटीच्या जीमेलवर मागवतात, आणि त्या जीमेलचा पासवर्ड आत्ताच्या सेक्रेटरीला, आधीच्या सेक्रेटरीला आणि त्याच्याही आधीच्याला माहीत असतो कारण कमिटी बदलली तरी पासवर्ड कुणी बदलत नाही. गेटवर रजिस्टर उघडं पडलेलं असतं, त्यात नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, कुणीही फोटो काढून न्यावा. क्लासवाले मुलांची नावं, शाळा, मार्क, आईवडिलांचे नंबर एका एक्सेलमध्ये ठेवतात आणि ती शीट ग्रुपवर फिरते. एमआयडीसीत लेबर कॉन्ट्रॅक्टर कामगारांच्या आधारचे गठ्ठे घेऊन फिरतो, ते पाठकोरे म्हणून वापरलेले मी बघितलेत. आणि झेरॉक्सची दुकानं. प्रिंट काढायला आपण दुकानाच्या नंबरवर आधार पाठवतो, तो त्यांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडतो, तो फोल्डर कधी रिकामा होत नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानात मी दुरुस्तीला गेलो होतो, फोल्डर उघडला आणि स्क्रोल करत राहिलो तरी संपेना, आधार, पासबुकं, मार्कशीट, लग्नाची सर्टिफिकेटं, सगळं. दुकानदार बिचारा साधा माणूस, म्हणाला डिलीट केलं तर गिऱ्हाईक परत येऊन मागतं. मी त्याला रोज रात्री फोल्डर आपोआप रिकामा होईल असं सेटिंग करून दिलं, पाच मिनिटांचं काम. पण अशी दुकानं किती!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सायबर सुरक्षा म्हटलं की मालक लोक विचारतात कुठला अँटीव्हायरस घेऊ, आणि मी उलट विचारतो की हे सगळं गोळा कशाला केलंय? जे तुमच्याकडे नाहीच ते चोरीला जाऊच शकत नाही. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाचं पॅन आणि कॅन्सल चेक कशाला हवा, नोकरी दिलीत की मागा. ओळख पटवायला आधार हवंच असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते फुकट डाउनलोड होतं, पण सांगूनही काउंटरवरची माणसं म्हणतात हे चालत नाही, पूर्ण नंबरवालं द्या. का चालत नाही हे त्यांनाही माहीत नसतं, वर्षानुवर्षं तसं चालत आलंय एवढंच.

आता दुसरी बाजू, म्हणजे कामच ठप्प होतं तेव्हा काय होतं ते. गेल्या वर्षी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला, नाव अर्थातच देत नाही. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी टॅलीच्या सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे तो कॉम्प्युटर लांबून चालवायची सोय, थेट इंटरनेटला उघडं करून ठेवलं होतं, पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. अशी उघडी दारं शोधणारे प्रोग्रॅम जगभर चोवीस तास फिरत असतात, त्यांना तुम्ही मोठे की छोटे याच्याशी देणंघेणं नाही. "आमच्याकडे काय आहे चोरण्यासारखं" हे वाक्य मी इतक्या मालकांच्या तोंडून ऐकलंय. चोरायचं नसतंच काही, तुमचंच तुम्हाला परत विकायचं असतं! शनिवारी रात्री ते आत शिरले, सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे विचित्र अक्षरं, एकही उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल, की पैसे द्या आणि चावी घ्या. बॅकअप होता का, तर होता, पण बॅकअपची हार्ड डिस्क त्याच सर्व्हरला कायमची जोडलेली, म्हणजे तिजोरीची डुप्लिकेट किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखं, त्यामुळे तीही लॉक. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची २० तारीख तोंडावर. पैसे देऊ नका असं मी मालकांना हात जोडून सांगितलं, कारण दिले तरी चावी मिळेल याची खात्री नसते आणि हा माणूस देतो हे कळलं की पुन्हा येतात. त्यांनी ऐकलं. मग सीएंकडे मार्चची टॅलीची कॉपी निघाली, पुढची विक्रीची बिलं जीएसटी पोर्टलवरून उतरवली, बँकेची स्टेटमेंट आणली आणि अकाउंट्समधल्या दोघी ताई बिलबुकं आणि चलनं समोर घेऊन रात्री उशिरापर्यंत एकेक एंट्री पुन्हा मारत बसल्या. डिस्पॅच थांबला, एका कस्टमरने ऑर्डर दुसरीकडे वळवली. एक जादा हार्ड डिस्क, जी रोज संध्याकाळी कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची, ती असती तर दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्या ताईंनी जे भोगलं ते मी बघितलंय म्हणून इतक्या पोटतिडकीने लिहितोय.

आणि हे फक्त छोट्यांचं होतं असंही नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा मर्स्क या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर कंपन्यांपैकी एकीची सगळी यंत्रणा बसली आणि त्याचा फटका आपल्या न्हावा शेवाला बसला, तिथलं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरची कोंडी झाली. मूळ कुठे होतं, तर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये. युक्रेनमधलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि उरणचा ट्रकवाला, काय संबंध, पण खोळंबा इथल्या माणसाचा झाला. मर्स्कने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं सांगितलं, जवळपास ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. आणि त्यांच्या सगळ्या नेटवर्कची लॉगिनची मूळ माहिती वाचली ती घानाच्या ऑफिसमधल्या एका सर्व्हरमुळे, हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. इतकी मोठी कंपनी, आणि वाचली लाइट गेल्यामुळे! नेटवर्कपासून तुटलेली एक कॉपी असणं किती मोलाचं आहे याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही आणि मी ते प्रत्येक कस्टमरला सांगतो.

तुम्ही स्वतः कितीही नीट असलात तरी तुम्हाला सेवा देणारा नीट आहे का हेही बघावं लागतं. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज नावाच्या एका तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यात बऱ्याच सहकारी, यूपीआय वगैरे व्यवहार बंद ठेवावे लागले, कारण यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून त्यांना वेगळं काढलं. बँकांची त्यात थेट चूक नव्हती पण ग्राहकाला त्याचं काय. आपल्याकडे सहकारी बँका, पतपेढ्या किती आहेत ते सांगायला नको. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी गेले तेव्हा सगळे हादरले होते, महिनाभर चर्चा झाली, मग थंड.

रॅन्समवेअरपेक्षाही या पट्ट्यात जास्त होणारी एक फसवणूक आहे, तिच्यात व्हायरस वगैरे काही नसतो. सप्लायरचा मेल येतो की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या नव्या खात्यात करा, सोबत लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी पत्र. मेल आयडी हुबेहूब, फक्त एका अक्षराचा फरक, कधीकधी तोही नाही कारण सप्लायरचाच मेल हॅक झालेला असतो आणि चोर आठवडे न् आठवडे तुमचा पत्रव्यवहार वाचत बसलेला असतो. अकाउंटंट बिचारा मेलप्रमाणे आरटीजीएस करतो आणि महिन्याने सप्लायर विचारतो पेमेंट कुठाय. यावर उपाय काय, तर खातं बदलायचं पत्र आलं की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आणि ओळखीच्या माणसाशी बोलल्याशिवाय टॅलीतल्या सप्लायरच्या नोंदीत खातं बदलायचं नाही. मालकाने सांगितलं तरी नाही, कारण मालकाच्या नावानेही मेसेज येतात की मी मीटिंगमध्ये आहे, लगेच पाठव. अकाउंटंटला थांबायचा हक्क मालकाने स्वतः दिला पाहिजे, उशीर झाला म्हणून त्याच्यावर ओरडायचं नाही, नाहीतर तो भीतीने पाठवून मोकळा होतो.

खर्च खूप येतो ही समजूत खोटी आहे. मेलला आणि टॅलीला वेगवेगळे पासवर्ड, मेलला टू स्टेप लॉगिन, नोकरी सोडली त्या संध्याकाळी त्या माणसाचं लॉगिन बंद, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर काढून टाकणं कारण त्या क्रॅकमधूनच अर्ध्या वेळा घाण येते, कॉम्प्युटर भंगारात देताना हार्ड डिस्क काढून ड्रिलने भोक पाडणं कारण नुसतं डिलीट करून काही पुसलं जात नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसेच लागत नाहीत. एक खर्च मात्र टाळता येणार नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इकडे अजून विंडोज ७ वर चालणारी मशिनं आहेत ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. कारखान्यातल्या सीएनसी मशिनला जोडलेला जुना कॉम्प्युटर बदलता येत नाही हे मला समजतं, मशिनचं सॉफ्टवेअरच नव्यावर चालत नाही, मग निदान त्याचं इंटरनेट तरी काढा, त्याला यूट्यूबची काय गरज.

आता कायद्याचं. डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि ऑफिसांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत, म्हणजे मे २०२७. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत, माहिती फुटली तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण बोर्डाला आणि ज्याची माहिती फुटली त्या प्रत्येकाला कळवायचं, बोर्डाला ७२ तासांत सविस्तर. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करून संमती, हे क्लासवाल्यांनी नीट वाचावं. चांगलं आहे, उशिरा का होईना झालं. पण एक गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. दंडाची रक्कम सगळी सरकारी तिजोरीत जाणार, ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपया नाही. आधी आयटी कायद्यात ४३ए हे कलम होतं, त्यात निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येत होती, नव्या कायद्याने ते कलमच काढून टाकायची तरतूद केली. ज्याच्या नावावर कुणी कर्ज काढलं त्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि दंड सरकारने घ्यायचा, हा कुठला न्याय? खासदारांनी यावर बोलायला हवं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेचा २०२२ चा आदेश आहे की असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं, हा कंपनी लहान आहे म्हणून सुटत नाही. पण मी ज्यांच्याकडे जातो त्यातल्या बहुतेकांनी सर्ट-इन हे नावच ऐकलेलं नसतं. उलट झालं ते दाबायकडेच कल असतो, कस्टमरला कळलं तर ऑर्डर जाईल म्हणून. म्हणून टिसा आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनांना माझी विनंती आहे की एखाद्या शनिवारी मेंबरांना बोलवा आणि मराठीत, साध्या भाषेत हे सांगा, स्लाइडवर इंग्रजी शब्द फेकणारा वक्ता नको, ज्याच्यावर वेळ आली असा एखादा मालक बोलायला तयार असेल तर तोच आणा. महापेला राज्याचं सायबर मुख्यालय आहे, तिथले अधिकारी शेजारच्या एमआयडीसीत नक्की येतील. दोन्ही महापालिकांनी आपल्या हॉस्पिटलांत आणि शाळांत आधी सुरुवात करावी, पेशंटचे पेपर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून पाठवायला बंदी एवढा एक आदेश काढला तरी पुष्कळ होईल.

आणि एक तरतूद तर आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. नव्या कायद्याप्रमाणे संमती मागताना जी नोटीस द्यायची ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचायची सोय द्यावी लागणार आहे, म्हणजे मराठीत मागायचा आपला हक्क आहे. आत्ता फॉर्मच्या तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत काहीतरी असतं आणि काउंटरवरून सांगतात इथे सही करा. वाचल्याशिवाय करू नका, आणि ही माहिती कशाला हवी, किती दिवस ठेवणार, नंतर काय करणार हे तीन प्रश्न विचारा. रांगेतले मागचे लोक वैतागतील, तरी विचारा.

जे वाचक सोसायटीच्या कमिटीवर आहेत त्यांना तर मे २०२७ पर्यंत थांबायचं काहीच कारण नाही. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यावीच लागते, त्या अजेंड्यावर एक विषय घाला, की सोसायटीकडे सभासद आणि भाडेकरूंची कुठली कागदपत्रं आहेत, ती कुणाच्या ताब्यात आहेत, आणि सोडून गेलेल्या भाडेकरूंची नष्ट केली का. ठरावाचा मसुदा कुणाला हवा असेल तर मी लिहून देईन, तुमच्या ऑफिसकडे माझा पत्ता दिलेला आहे, पेपरात मात्र तो छापू नये ही विनंती.

आपला,
एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे